ओव्हन ट्रिप होतोय? रिसेट दाबायच्या आधी हे वाचा

गेल्या अंकात पावडर कोटिंगच्या ओव्हनबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचं सदर सगळं त्यालाच दिलंय. कुपवाड आणि मिरज एमआयडीसीत मेंटेनन्समध्ये तीस वर्षं काढली, त्यातली निम्मी तरी ओव्हन नाहीतर भट्टीच्या पुढ्यात, त्यामुळं जे हाताखालून गेलंय तेच सांगतो. नावं कुणाचीच छापत नाही कारण बऱ्याच जणांनी स्वतःच्याच कंपनीबद्दल लिहिलंय, त्यांना त्रास व्हायला नको.

कुपवाडहून एक शॉपमालक:
"सर, आमचा एलपीजी बर्नरवरचा ओव्हन आहे, ३ मीटर लांब, २ रुंद, २ उंच. दोन महिन्यांपासून चालू करताना सारखा ट्रिप व्हायचा. वायरमननं एअर प्रेशर स्विचला जंपर मारून दिला, तेव्हापासून एकही ट्रिप नाही, काम एकदम फास्ट. पण माझा मित्र म्हणतो काढून टाक. खरंच गरज आहे का?"

दादा, तुमचा मित्र बरोबर सांगतोय. जंपर म्हणजे स्विचला बगल देऊन थेट जोडलेली वायर, ती हा अंक हातात पडला त्याच दिवशी काढा, आणि खरं कारण सापडेपर्यंत ओव्हन बंद ठेवा, ऑर्डर थांबली तरी चालेल.

तो स्विच फक्त एकच गोष्ट बघतो, ब्लोअरचा वारा खरंच येतोय का नाही. बर्नर पेटायच्या आधी ब्लोअर काही मिनिटं नुसता फिरतो ना, त्याला पर्ज म्हणतात. रात्रभरात एखादा व्हॉल्व्ह थोडा जरी पास होत असला तरी ओव्हनमध्ये गॅस साठलेला असतो. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड, तो वर निघून जात नाही, तळाशी, कन्व्हेयरच्या खड्ड्यात पाण्यासारखा बसून राहतो. हवेत तो साधारण २ ते ९ टक्के झाला की ठिणगीची वाट बघत असतो, आणि ठिणगी तुम्हीच देताय, इग्निशनची. म्हणून आधी आतली सगळी हवा बदलायची. सगळीकडं मानला जाणारा हिशोब असा की ओव्हनच्या आकारमानाच्या निदान चौपट ताजी हवा आतून गेली पाहिजे. तुमचा ओव्हन १२ घनमीटरचा, म्हणजे ४८ घनमीटर हवा. एक्झॉस्ट तासाला १००० घनमीटर खेचत असेल तर तीन मिनिटांत काम होतं. तुमच्या टायमरवर तेवढी वेळ का लावलीय ते यावरून कळेल, आणि तो टायमर कुणी कमी करून ठेवला नाही ना तेही बघा.

आता जंपर मारलाय म्हणजे काय झालंय, ब्लोअरचा बेल्ट तुटला, मोटर जळाली तरी पॅनलला वाटणार वारा चालूच आहे, आणि तो गॅस सोडणार.

मागं एका शॉपमध्ये मी पॅनल उघडलं होतं, आत लाल रंगाची दोन-अडीच इंचाची वायर, टोकं नीट सोललेली, लग्ज व्यवस्थित दाबलेले, इतकं टापटीप काम की हे तात्पुरतं केलंय असं कुणाला वाटणारच नाही. वर पावडरचा थर बसलेला. कधीपासून आहे विचारलं तर कुणालाच सांगता येईना, ज्यानं मारली तो वायरमन कधीच सोडून गेलेला आणि मालकाला पत्ताच नाही. जंपर असाच राहून जातो बघा. 'आजचा दिवस चालव, उद्या बघू' म्हणून मारायचा आणि मग सगळे विसरून जातात.

बरं, ट्रिप का होत होता ते शोधा ना. स्विचकडं जाणारी बारीक सेन्सिंग नळी पावडरनं चोंदलीय का बघा, पावडर शॉपमध्ये हे नेहमीचं आहे. बेल्ट ढिला आहे का बघा, फिल्टर भरलाय का बघा. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांच्या डोक्यातच येत नाही, लाईनचं किंवा मोटरचं काम झालं की कधी कधी फेज उलटी लागते आणि ब्लोअर उलटा फिरतो. उलटा फिरला तरी या ब्लोअरमधून हवा येते त्याच दिशेनं, पण फार कमी, त्यामुळं हात लावून बघितलं तर 'येतीय की हवा' असं वाटतं. केसिंगवर बाण असतो, बंद करून पंखा थांबताना कुठल्या दिशेनं फिरतोय ते बघा. तुमचा त्रास दोन महिन्यांपूर्वी सुरू झालाय, त्याच्या आसपास मोटर रिवाइंड करून आणली होती का?

आणि ते रिसेटचं बटण. बर्नर पेटला नाही, लाल दिवा लागला, की दाब रिसेट, परत नाही पेटला, परत दाब. दर वेळी थोडा थोडा न जळलेला गॅस आत सोडला जातो हो. पर्ज पूर्ण होत असेल तर निघून जाईल, पण घाईत टायमर कमी केलेला असेल, वर जंपर असेल, तर तिसऱ्या-चौथ्या दाबाला काय होईल सांगता येत नाही. माझा नियम साधा होता, दोनदा पेटला नाही की गॅसचा मेन कॉक बंद, ब्लोअर चालू, आणि मेंटेनन्सला फोन. बहुतेक वेळा ज्योत बघणाऱ्या यूव्ही सेन्सरची काच काळी झालेली असायची, नाहीतर फ्लेम रॉडवर काजळी. मऊ फडक्यानं पुसली की झालं, पाच मिनिटांचं काम.

विट्याजवळून, मोटर रिवाइंडिंग करणारे:
"आमच्याकडं स्वतः बनवलेला हीटरचा ओव्हन आहे, वॉर्निश मारलेले स्टेटर (मोटरचा तारा गुंडाळलेला, न फिरणारा भाग) आत ठेवतो. गॅस-बिस काही नाही, फक्त लाईटवर आहे. मागच्या महिन्यात लोड करून अर्ध्या तासात भप्प असा आवाज झाला आणि दार धाडकन उघडलं. कुणाला लागलं नाही. गॅस नसताना असं कसं झालं?"

गॅस होता दादा, तुम्हीच आत ठेवला होता. वॉर्निश पातळ करायला जो थिनर घालता तो गरम झाला की वाफ होतो, आणि ती वाफ म्हणजे जळणारा गॅसच. टोल्युइन किंवा झायलिनसारखा १ लिटर थिनर पूर्ण वाफ झाला तर साधारण २० घनमीटर हवा पेट घेण्याइतकी होते. तुमच्या घरच्या ओव्हनचा आकार माणसाएवढ्या कपाटाचा धरला तर दीड-दोन घनमीटर असेल, म्हणजे चहाच्या एका कपाइतका थिनरसुद्धा पुरतो. आणि हीटरची कॉइल लाल तापलेली, तिथंच आत उघडी. दुसरं काय होणार.

दार उघडलं आणि कुणाला लागलं नाही, ही देवाची कृपाच म्हणायची, आणि त्याचं एक कारण असं की दाराला कडी नसून नुसता दाबाचा लॅच असावा. तो तसाच ठेवा! काही जण अशा भपक्यानंतर दार 'पक्कं' करायला बोल्ट लावतात, ते अजिबात करू नका, आतला दाब बाहेर पडायला वाट राहिली नाही तर पत्राच फुटून अंगावर येतो. मात्र दारासमोर कुणी उभं राहायचं नाही, कामाचा टेबल असेल तर तो आजच बाजूला घ्या.

करायचं काय तर पहिलं, स्टेटर बुडवून काढला की निथळू द्या, ट्रेवर निदान अर्धा-पाऊण तास, टपटप थांबली पाहिजे. घाई असते, गिऱ्हाईक बाहेर उभं असतं, शेतकऱ्याची मोटर जळालेली असते आणि पिकाला पाणी द्यायचं असतं, हे मला माहिती आहे, पण हा अर्धा तास सोडू नका. एकदा वजन करून बघा, बुडवायच्या आधी, निथळल्यावर आणि भाजून झाल्यावर. निथळल्यावरचं आणि भाजल्यावरचं वजन यातला फरक म्हणजे तुमच्या ओव्हनमध्ये उडालेला थिनर. तो आकडा एकदा बघितला की एका लोडला किती स्टेटर घालायचे ते तुमचं तुम्हालाच कळेल.

दुसरं, एक्झॉस्ट पाहिजेच. चिमणी आहे म्हणून भागत नाही, पंखा लावा आणि पंखा चालू नसेल तर हीटर चालूच होऊ नये असं वायरिंग करून घ्या. चिमणीचा डॅम्पर, म्हणजे आतली झडप, पूर्ण बंद होणार नाही असा अर्धा कापून टाका. लाईट बिल वाचवायला डॅम्पर बंद करून बाइंडिंग वायरनं बांधून ठेवलेला मी स्वतः बघितलाय, आत नाक घातलं तर थिनरच्या वासानं डोळ्यातून पाणी आलं. तिसरं, तापमान एकदम वर नेऊ नका, पहिला तासभर कमी ठेवा म्हणजे थिनर हळूहळू निघून जाईल, मग १३०-१४० किंवा वॉर्निशच्या डब्यावर लिहिलंय तिथपर्यंत न्या. आणि हीटरची उघडी कॉइल जॉबच्या खाली ठेवायची पद्धत बदला, थेंब त्याच्यावरच पडतो.

आत आग लागलीच तर दार उघडायचं नाही. बाहेरून मेन बंद करा, हवा मिळाली नाही तर आपोआप विझते, दार उघडलं की ज्वाळा तोंडावर येते. धूर बंद झाला म्हणून लगेच उघडायला जाऊ नका, तापमान पूर्ण खाली येऊ द्या.

सातारहून एक ताई:
"माझे मिस्टर एमआयडीसीत रात्रपाळीला मोठ्या ओव्हनवर आहेत, ट्रॉली आत ढकलतात असा ओव्हन. हँगरवरनं पार्ट खाली पडला की आत जाऊन उचलतात. मी म्हणते जाऊ नका तर म्हणतात दोन मिनिटांचं काम असतंय. मला रात्री झोप लागत नाही. मी चुकीची काळजी करते का?"

नाही ताई, तुमची काळजी अगदी बरोबर आहे. हे पत्र वाचून मी बराच वेळ काय लिहावं म्हणून बसून होतो.

घाबरवायचं म्हणून नाही, पण तुमच्या मिस्टरांना वाचून दाखवायला दोन खऱ्या घटना सांगतो. २०१२ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात टूना माशाच्या कारखान्यात ३५ फूट लांबीच्या वाफेच्या ओव्हनमध्ये एक कामगार काहीतरी दुरुस्त करायला आत गेला. बरोबरच्यांना वाटलं तो बाथरूमला गेलाय. त्यांनी साधारण ६ टन मासे आत लोड केले, दार लावलं आणि चालू केलं. तो दिसेना म्हणून लाऊडस्पीकरवर पुकारलं, पार्किंगमध्ये शोधलं, दार उघडलं ते काम संपल्यावरच. त्याच्या दोन वर्षं आधी, २०१० साली, इंग्लंडमध्ये प्लॅस्टिकच्या होड्या बनवणाऱ्या कारखान्यात एक जण ओव्हनच्या आत काम करत होता आणि सहकाऱ्यानं बाहेरून ओव्हन चालू केला, दारं आपोआप बंद झाली, आतून उघडायची सोय नाही, आवाज द्यायची सोय नाही. दोन्ही ठिकाणी चालू करणारा माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त माहिती नव्हतं की आत कुणी आहे. आणि ते आत गेलेले दोघंही असंच काहीतरी छोटं काम उरकायला गेले असणार.

मिस्टरांना एवढंच सांगा की आत जायचंच असेल तर स्वतःचं छोटं कुलूप ठेवा. मेन स्विच बंद करायचा, हँडलला आपलं कुलूप घालायचं, किल्ली आपल्या खिशात, फोरमनच्या ड्रॉवरमध्ये नाही, खिशात. आत असेपर्यंत ओव्हन चालू करणं कुणालाच शक्य नाही, बस. गॅस असेल तर गॅसच्या कॉकलासुद्धा तसंच. ओव्हन थंड झालेला पाहिजे, आतली हवा ब्लोअरनं बदललेली पाहिजे आणि दाराशी एक माणूस उभा पाहिजे, ज्याला दुसरं काही काम दिलेलं नाही. चांगले ओव्हन असतात त्यांच्या दाराला आतून ढकलायचं हँडल असतं, अंधारात दिसणारं, ते आहे का आणि खरंच उघडतंय का हे आजच्या आज बघायला लावा. कित्येक ठिकाणी असतं पण गंजून बसलेलं. आणि चालू करणाऱ्यानं दार लावायच्या आधी टॉर्च मारून आत, ट्रॉलीच्या मागं बघायचं, प्रत्येक वेळी, सवयच झाली पाहिजे.

कंपनीत सांगायला भीती वाटत असेल तर एकट्यानं सांगू नका, शिफ्टमधले दोघं-तिघं मिळून सेफ्टी कमिटीपुढं किंवा मॅनेजरपुढं सांगा. ४ मार्चला सगळीकडं सुरक्षा दिन करतात, शपथ घेतात, बॅज लावतात, त्या दिवशी हँडलचा विषय काढला तर कुणाला नाही म्हणता येणार नाही. पण मार्चची वाट बघू नका. ते ऐकत नसतील तर ताई, कुलूप तुम्हीच आणून डब्याच्या पिशवीत ठेवा.

इस्लामपूरहून एक अप्रेंटिस:
"काका, मी आयटीआय केलंय, आता ओव्हनवर आहे. कंट्रोलरवर १८० दिसतंय पण जॉब करपून तपकिरी निघतात. साहेब म्हणतात सेटिंग कमी कर. बरोबर आहे का?"

नाही पोरा, सेटिंग कमी करून तू आजारावर पांघरूण घालतोयस. कंट्रोलर तेवढंच बघतो जेवढं थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारा दोन तारांचा सेन्सर, त्याला सांगतं. ते भिंतीतनं सुटून मागं सरकलं असेल, टोक जॉबजवळ नसून भिंतीतल्या रॉकवूलमध्ये (उष्णता अडवणाऱ्या लोकरीत) असेल, तर त्याला थंडच दिसणार आणि हीटर ओरडून ओरडून तापणार. आधी टोक कुठं आहे ते बघ. मग थंड ओव्हनमध्ये टोकाला लायटर धर आणि डिस्प्ले बघ, आकडा वर गेला पाहिजे. खाली जात असेल तर दोन वायरी उलट्या लागल्यात. वायरच्या रंगावर जाऊ नको, प्रत्येक देशाचा कोड वेगळा, लायटरची टेस्ट खोटं बोलत नाही. कपल बदलताना टाईप तोच आहे ना तेही बघ, के टाईपच्या जागी जे टाईप लावलेलं मी बघितलंय.

हे सगळं बरोबर निघालं तर एसएसआर बघ, म्हणजे सॉलिड स्टेट रिले, कंट्रोलरच्या सांगण्यावरून हीटर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच. एसएसआर खराब होतो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होऊन बसतो, म्हणजे कंट्रोलर 'बंद कर' म्हणतोय आणि हीटर चालूच. म्हणूनच प्रत्येक ओव्हनला वेगळा ओव्हरटेंपरेचर कंट्रोलर पाहिजे, त्याचं थर्मोकपल वेगळं, आणि तो एसएसआरच्या मागचा मेन कॉन्टॅक्टरच (हीटरची लाईन जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) पाडणारा, हातानं रिसेट केल्याशिवाय परत न लागणारा. एकाच कपलवर दोन्ही कंट्रोलर जोडले असतील तर त्या दुसऱ्याचा काही उपयोग नाही. तुमच्याकडं तो आहे का, आणि असला तर किती डिग्रीवर सेट केलाय, हे साहेबांना विचार. विचारायला लाजू नको, शिकायचेच दिवस आहेत तुझे.

मिरजेहून एक बेकरीवाले विचारतात की गॅसचा डेक ओव्हन काडीनं पेटवताना भडका उडतो, काय करावं. भाऊ, आधी पेटती ज्योत, मग गॅस, उलटं कधीच नाही. पहिल्यांदा पेटला नाही तर कॉक बंद, दार उघडं, पाच-दहा मिनिटं थांबा आणि खाली वाकून वास घ्या कारण गॅस खाली बसतो. सिलिंडर ओव्हनच्या खोलीत ठेवू नका. आणि ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारा व्हॉल्व्ह बसवून घ्या, मैद्याची एक-दोन पोती कमी घ्या त्या महिन्यात पण हे करा.

सांगलीहून एक हेल्पर:
"ट्रॉली ओढताना हात भाजला, फोरमननं टूथपेस्ट लावली. घरी आईनं तूप-हळद लावली. आठ दिवस झाले, चिघळलंय. ग्लोव्हज घातले होते तरी कसं भाजलं?"

आधी सिव्हिलला किंवा ईएसआयच्या दवाखान्यात जा, आज, हे वाचून झालं की लगेच. चिघळलेल्या भाजण्याला घरचा उपाय नाही, आणि हाताचं भाजणं डॉक्टरनं बघायलाच पाहिजे, बोटं आखडून बसतात नाहीतर.

पुढच्या वेळेसाठी आणि सगळ्यांसाठीच सांगतो. भाजलं की नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली धरायचं, २० मिनिटं, घड्याळ बघून. बर्फ नाही, पेस्ट नाही, तूप नाही, शाई नाही. सूज यायच्या आधी अंगठी, कडं, घड्याळ काढून टाका. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नका. मग स्वच्छ सुती कापड सैल गुंडाळायचं आणि दवाखाना. फोड फोडायचे नाहीत. चेहरा, हात, सांधे भाजले असतील किंवा आपल्या तळहातापेक्षा मोठी जागा असेल तर १०८ ला फोन, गाडी शोधत बसू नका.

आणि ग्लोव्हजचं विचारलंस ते फार बरं केलंस. तुझे ग्लोव्हज ओले होते का? मला स्वतःला हे शिकायला उजव्या हाताची दोन बोटं भाजून घ्यावी लागली, सुती ग्लोव्हज घामानं भिजलेले, वर त्याच हातानं पाण्याची बाटली धरलेली, आणि तसाच गरम ट्रॉलीचा दांडा पकडला. ग्लोव्हजमधल्या पाण्याची वाफ झाली आणि ती आतच, कातडीला लागून. कोरडा असता तर काही सेकंद तरी मिळाले असते. जोडी नेहमी दोन मागायची, एक घालायची, एक ओव्हनपासून लांब खिळ्याला वाळत टाकायची. गरम ट्रॉलीला सुती नाही, केवलरचे, कोपरापर्यंतचे मागा. खाली शर्ट सुतीच पाहिजे, टेरिकॉट-पॉलिएस्टर वितळून अंगाला चिकटतं, आणि बाह्या खाली सोडलेल्या पाहिजेत, एप्रिलच्या सांगलीच्या उन्हातसुद्धा. पाणी पीत राहा, पण पिऊन झालं की हात पुसून मगच ग्लोव्हज घाल.